कोपरापासून नमस्कार

आपल्या भाषेने कोपराची फारशी प्रतिष्ठा ठेवलेली नाही. हाताच्या वाट्याला हातखंडा, हातोटी आणि हातभार असे मानाचे शब्द आले. मनगटात जोर असतो, खांद्याला खांदा लावून लोक मोठमोठी कामे करतात. कोपराच्या नशिबी मात्र कोपरखळी! ज्याचे पुन्हा तोंड पाहायचे नाही त्याला आपण कोपरापासून नमस्कार करतो. ज्याला नुसतेच झुलवायचे त्याच्या कोपराला गूळ लावतो. तो बिचारा जीभ लांबवून थकतो आणि गूळ जागच्या जागी राहतो. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, असा उपदेश आपण एकमेकांना करतो, पण त्यातही काळजी जमिनीची, कोपराची नव्हे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरचा सोऱ्या धुऊन पालथा पडलेला असेल, चकल्यांचा डबा निम्मा झालेला असेल आणि तो सोऱ्या ज्यांनी फिरवला त्यांपैकी कित्येकींचा उजवा हात कोपराशी ठणकत असेल. गेल्या पंधरवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या तिघींनी मला जिन्यात गाठून सांगितले, "ताई, या खेपेला तुमच्या सदरात कोपरावर लिहा." मी मराठीची मास्तरीण, डॉक्टर नव्हे. परंतु ज्या विषयावर सगळी सोसायटी एकमेकींना तेलांची नावे सांगते, त्या विषयावर जरा नीट चौकशी करून लिहिणे बरे, असे वाटले. म्हणून हा उद्योग.

तर प्रथम त्या तिघींचे दुखणे. तळहात वर करून हात समोर धरा. अंगठ्याच्या बाजूने चाचपत कोपरापर्यंत या. तेथे बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. मनगट मागे उचलणारे जे स्नायू आहेत, ते एका चिवट दोरीने या उंचवट्याला बांधलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. आता गंमत अशी की, आपण मूठ आवळतो तेव्हा बोटे वळवणारे स्नायू मनगटालाही पुढे ओढू पाहतात. मनगट वाकले की मुठीतला जोर गेलाच. म्हणून त्याला मागून ताठ धरून ठेवण्याचे काम या मागच्या स्नायूंकडे असते. म्हणजे दिसायला काम मुठीचे, पण ताण मात्र कोपराजवळच्या बोटभर जागेवर. कणीक तिंबणे, ओली चादर पिळणे, बाटलीचे झाकण फिरवणे, लोकलची कडी धरून मुलुंडपासून दादरपर्यंत लोंबकळणे, भाजीची पिशवी मुठीत धरून जिना चढणे, ही सगळी त्या एका जागेची परीक्षा. सोऱ्या तर तिचा सख्खा वैरी. मूठ घट्ट, मनगटाला पीळ, आणि पीठ घट्ट भिजलेले असले तर विचारूच नका.

ओळखायची खूण सोपी आहे. तळहात जमिनीकडे ठेवून खुर्चीची पाठ धरा आणि खुर्ची उचलून पाहा. कळ त्या उंचवट्यावर उमटली आणि चहाचे आधण उतरवतानाही तीच उमटत असली, तर बहुधा हेच दुखणे. डॉक्टर त्याला टेनिस एल्बो म्हणतात. आमच्या सोसायटीत टेनिसची रॅकेट हातात धरलेले एकच गृहस्थ आहेत आणि त्यांचे कोपर ठणठणीत आहे! हा आजार होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसचे मैदानही पाहिलेले नसते. साधारण पस्तिशीपासून पंचावन्नपर्यंतची, हाताने राबणारी माणसे त्याची गिऱ्हाइके.

नावाचा इतिहास मात्र मजेदार आहे. रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टराने या दुखण्याचे वर्णन १८७३ साली केले, ते लिहून लिहून हात धरलेल्या माणसांविषयी लिहिताना. लॉन टेनिसचे पेटंट विंगफील्ड नावाच्या मेजरसाहेबाने घेतले त्याच्या पुढच्या वर्षी, १८७४ साली. मग १८८२ मध्ये मॉरिस नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने 'लॅन्सेट'मध्ये 'लॉन टेनिस आर्म' असा शब्द वापरला आणि तो जगाने उचलला. म्हणजे आजार मुळात लेखणीवाल्यांचा, नाव मात्र पळवले खेळाडूंनी. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा मंडळींनी याचा निषेध नोंदवायला हवा.

पण निषेध तरी कोणत्या तोंडाने नोंदवायचा? हे नाव मराठी घराघरांत पोहोचवले ते मराठीच्याच एका प्राध्यापकांच्या मुलाने. कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर यांचे चिरंजीव, वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन. ऑगस्ट २००४ मध्ये हॉलंडच्या दौऱ्यावर त्याचे डावे कोपर दुखावले. त्या पावसाळ्यात लोकलच्या डब्यात अनोळखी माणसे एकमेकांना त्या कोपराची खबर विचारत होती. इंग्लंडमधले सामने हुकले, चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी हुकल्या. नागपूरला तो परतला, पण तेथे दोन्ही डावांत मिळून धावा दहाच. मग वानखेडेच्या वाकड्यातिकड्या खेळपट्टीवर त्याने ५५ काढल्या आणि तो सामना आपण १३ धावांनी जिंकला. डिसेंबरात ढाक्याला नाबाद २४८ करून गावसकरांच्या ३४ शतकांशी बरोबरीही केली. लोकांना वाटले, झाले, कोपर बरे झाले. पण कोपर काही धावफलक वाचत नाही. अखेर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे डावे कोपर का दुखावे, असा प्रश्न आमच्या चिरंजीवांनी विचारला. बॅटच्या मुठीवर डावा हात वर असतो, बॅटची दिशा तो सांभाळतो, आणि सचिनची बॅट तीन पौंडांहूनही जड असे. एवढ्या वजनाची बॅट वर्षानुवर्षे दिवसभर फिरवायची म्हणजे त्या कंडरेने किती सोसावे! शस्त्रक्रियेनंतर कितीतरी दिवस बॅट धरून फटका मारता येत नव्हता आणि आता आपले खेळणे संपले असे मनात येई, हे पुढे त्याने स्वतःच सांगितले आहे. ज्याच्या दिमतीला जगातले उत्तमोत्तम वैद्य होते त्या माणसाची ही कथा. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो पुन्हा उतरला तेव्हा त्याने ९३ धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक झाले. पण मध्ये सव्वा वर्ष गेले होते.

हे सव्वा वर्ष ध्यानात ठेवा. कोपराच्या दुखण्यात सर्वांत कठीण औषध कोणते असेल तर सबुरी. पूर्वी समजत की येथे सूज येते. नावातही तसेच सुचवलेले असे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दिसले की, जुनाट दुखण्यात सूज फारशी नसते. कंडरेचे तंतू झिजतात, विस्कटतात, आणि दुरुस्ती अर्धवट राहते. दोरीचा पीळ सुटावा तसे. ही दुरुस्ती शरीर करते, पण सावकाश. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात आपोआप आटोक्यात येते. ज्यांना शस्त्रक्रिया लागते त्यांची संख्या अगदी थोडी.

ही सबुरी नसल्यामुळे माणसे इंजेक्शनाच्या मागे लागतात. "एक टोचले आणि चार दिवसांत हात मोकळा," असे शेजारचे काका सांगतात, आणि ते खोटे नसते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने पहिले काही आठवडे खरोखरच फार बरे वाटते. परंतु ज्यांनी इंजेक्शन घेतले आणि ज्यांनी नुसती वाट पाहिली किंवा व्यायाम केला, अशांची वर्षभराने तुलना केली तेव्हा इंजेक्शनवाले मागे पडलेले आढळले. त्यांच्यात दुखणे उलटण्याचे प्रमाणही अधिक होते. माझे स्वतःचे मत विचाराल तर, घरात लग्न आहे म्हणून आजच्या आज बरे करा, असे डॉक्टरांना सांगू नये. लग्न होऊन जाते, कोपर घरात राहते.

व्यायाम म्हणजे काय, तेही सांगते. मात्र पहिल्यांदा तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावा. हात टेबलावर असा टेकवायचा की मनगट कडेच्या बाहेर यावे, तळहात खाली. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचे आणि मग बाटली धरलेल्या हाताने ते अगदी सावकाश, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायचे. उचलण्यापेक्षा सोडण्यात गुण आहे. किंचित दुखले तर हरकत नाही, कळ आली तर वजन कमी करायचे. हे दोन-तीन महिने, न चुकता. कोपराच्या दोन बोटे खाली बांधायचा एक पट्टाही मिळतो. काहींना त्याने काम करताना आराम पडतो. आणि वस्तू उचलायची ती तळहात वर करून, कोपर अंगाशी ठेवून. पिशवी मुठीत लटकवण्याऐवजी खांद्याला अडकवावी. सोऱ्याचे म्हणाल, तर पीठ जरा सैल भिजवा आणि घरातल्या पुरुषांना बोलवा. त्यांचीही कोपरे तपासली जातील.

विश्रांती घ्या, असे डॉक्टर सांगतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कामवाल्या बाई येतात. पाच घरची धुणी-भांडी. दोन वर्षांमागे त्यांचा उजवा हात असाच धरला. कप उचलवेना. मी म्हटले, "मावशी, पंधरा दिवस हाताला रजा द्या." त्या म्हणाल्या, "ताई, हाताला रजा दिली की घरं दुसरी बाई धरतात." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात ते असेल असे वाटत नाही. मग आम्ही पाच घरच्या बायका एके दुपारी बसलो. चादरी, पडदे आणि जीनच्या विजारी त्यांच्याकडे द्यायच्या नाहीत, यंत्रात टाकायच्या. यंत्र नसेल तेथे चादर नळाभोवती वळसा देऊन दोन्ही टोके एकत्र धरून पिळायची, म्हणजे मुठीवर कमी भार येतो; नाहीतर निथळत तशीच वाळत घालायची. काम कमी झाले म्हणून पगार कापायचा नाही. शेवटच्या मुद्द्यावर पाऊण तास चर्चा झाली, हे नमूद करायला मला शरम वाटते. पाचांपैकी चार घरे कबूल झाली. पाचवे घर त्यांनी सोडले. नऊ महिने लागले, पण आता त्यांचा हात चालतो.

बाकीची दुखणी थोडक्यात उरकते. बाहेरच्या बाजूला जसा हा प्रकार, तसाच कोपराच्या आतल्या बाजूला, मूठ वळवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी होतो; त्याला गोल्फचे नाव आहे. गोल्फही आपण खेळत नाही. कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ आली तर ती बहुधा कातडीखालच्या पाण्याच्या पिशवीला आलेली सूज असते. टेबलावर कोपर टेकून तासन् तास वाचणाऱ्यांना ती होते, म्हणून इंग्रजीत तिला विद्यार्थ्याचे कोपर म्हणतात. माझ्या वर्गात तिची साथ येण्याची भीती नाही. मात्र गाठ लाल, गरम झाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत जो झटका जातो, तो हाडाचा नसून एका मज्जातंतूचा. कोपराच्या आतल्या खोबणीतून तो अगदी कातडीखालून जातो आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवतो. हात दुमडून मोबाइल तासभर कानाशी धरला, किंवा उशाखाली हात मोडून झोपले, की तो ताणला जातो आणि नेमक्या याच दोन बोटांना मुंग्या येतात. सवय सोडली की बहुतेक वेळा मुंग्याही जातात. बोटांतला जोर कमी होऊ लागला, हातातून वस्तू पडू लागल्या, तर मात्र थांबू नये. आणि एक गोष्ट ठळक सांगते. डावा हात दुखतो आहे, छातीवर दडपण आहे, घाम फुटला आहे, जीव घाबरा होतो आहे, तर ते कोपर नव्हे. तेल शोधत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

आता मुलांकडे वळते, कारण हे सदर लिहायला घेतले ते खरे तर त्यांच्यासाठी. एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात आपण केव्हा केव्हा ओढतो याचा हिशेब करा. अंधेरीच्या पुलावर गर्दीत, रस्ता ओलांडताना, बस सुटत असताना. आई एक हात धरते, बाबा दुसरा, आणि मध्ये मूल झोक्यासारखे झुलते. मूल हसते, आपणही हसतो. या वयात कोपराजवळ एका हाडाच्या डोक्याभोवती जे बंधन असते ते सैल असते. झटका बसला की हाड त्यातून किंचित निसटते. मूल एकदम रडते आणि मग तो हात वापरतच नाही, अंगाशी जरासा वाकवून लोंबता ठेवते. सूज नाही, खरचटलेले नाही, त्यामुळे घरच्यांना काही उलगडत नाही. जाणता डॉक्टर हात एका विशिष्ट तऱ्हेने वळवतो, टक् असे जाणवते आणि पाच-दहा मिनिटांत तेच मूल त्याच हाताने चॉकलेट मागते. घरी मात्र हा प्रयोग करायचा नाही. आणि मूल पडलेले असेल, हात सुजला असेल, तर तो प्रकारच निराळा.

तो निराळा प्रकार पाच ते सात वर्षांच्या मुलांत अधिक. झोपाळ्यावरून, गच्चीच्या कठड्यावरून, पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावरून मूल पडते आणि पडताना हात पुढे टेकते. कोपराच्या जरा वर हाड मोडते. मोडलेल्या हाडाची ही जागा फार अवघड आहे, कारण सबंध पंजाला रक्त पुरवणारी मोठी धमनी आणि महत्त्वाचे मज्जातंतू अगदी त्याला चिकटून जातात. आत सूज वाढत असते. त्यावर जर कोणी घट्ट पट्टी किंवा बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, तर आत जागाच उरत नाही. रक्त पोहोचेनासे होते आणि काही तासांत हाताचे स्नायू मरू लागतात. मेलेले स्नायू पुढे आखडतात आणि बोटे कायमची पक्ष्याच्या नखांसारखी वळून बसतात. फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली हे सांगितले, म्हणून त्या व्यंगाला त्याचे नाव आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि तरी आपल्याकडे ते अजून दिसते.

आमच्या मागच्या इमारतीतला सहा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. आजोबांनी प्रेमापोटी त्याला एका हाडे बसवणाऱ्याकडे नेले. त्याने तेल चोळले, पट्टी आवळली आणि "तीन दिवस सोडू नका" म्हणून बजावले. रात्री मूल किंचाळू लागले. सगळे म्हणाले, मोडल्यावर दुखायचेच. त्याची आई शाळेत शिक्षिका; तिने त्याची बोटे पाहिली. ती गार होती, पांढुरकी होती आणि जरा सरळ करू गेले की मूल जीव तोडून ओरडत होते. सासऱ्यांचा शब्द मोडून तिने कात्रीने ती पट्टी कापली आणि रात्री दीड वाजता रिक्षाने मुलाला इस्पितळात नेले. पहाटे शस्त्रक्रिया झाली. आणखी चार तासांनी आला असतात तर हात वाचला नसता, असे डॉक्टरांनी तिला सांगितले.

मी परंपरेची हेटाळणी करणारी नव्हे. माझी भाकरी जुन्या पोथ्यांवरच चालते. पण मुलाच्या कोपरावर तेल आणि कामट्या नकोत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीच्या सैल झोळीत ठेवावा, सरळ करू पाहू नये, चोळू नये, खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि क्ष-किरण यंत्र व अस्थिरोगतज्ज्ञ असलेले इस्पितळ गाठावे. घाटकोपरला राजावाडी आहे, शीवला टिळक रुग्णालय आहे. प्लॅस्टर घालून घरी आल्यावरही दोन दिवस बोटांवर नजर ठेवावी. ती गार, निळी वा बधिर झाली, किंवा औषध देऊनही दुखणे वाढतच गेले, तर सकाळची वाट पाहू नये.

दहीहंडीच्या दिवसांत तर ही कोपरे फार पडतात. जोगेश्वरीची पथके नऊ थर लावतात आणि सगळ्यांत वर चढवायला अंगाने हलके पोर लागते. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात दिली. आपल्या गल्लीतल्या सरावाला जाऊन वरच्या पोराचे वय विचारायला कोणाची ना नाही.

प्लॅस्टर निघाल्यानंतरचीही एक गोष्ट राहिली. कोपर आखडलेले असते, पुरते सरळ होत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे हात शिवशिवू लागतात. मालिश करून, ओढून ते सरळ करायचा मोह होतो. कोपर हा सांधा त्या बाबतीत विलक्षण मानी आहे. जबरदस्ती केली, चोळले, की त्याच्या भोवतालच्या स्नायूंत चक्क नवे हाड तयार होऊ शकते आणि मग तो कायमचा अडतो. मुलाने आपल्या आपण, जमेल तेवढा हात हलवायचा, एवढेच करायचे असते. मागच्या इमारतीतल्या त्या मुलाच्या आजोबांनी डॉक्टरांना तीन वेळा विचारले, निदान कोमट तेल तरी? डॉक्टर म्हणाले, "आजोबा, त्याला चेंडू द्या." आजोबांनी रबरी चेंडू आणला. सात महिने झाले. हात अजून शेवटचा जरासा वळत नाही, पण संध्याकाळी खाली गेले की आजोबा टाकतात आणि तो झेलतो.